मंगळवारचं पाणी

त्या आठवड्यात नमुनेबाईला मंगळवारी नदीवर जाता आलं नाही. ती गेली बुधवारी.

नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रामागे दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. तिथे ती रसायनतज्ज्ञ होती. दोन वर्षांपूर्वी पालिकेनं पहिल्यांदाच नदीच्या पाण्याच्या अभ्यासासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद केली आणि हे काम तिच्याकडे आलं. तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी नऊ वाजता ती पांढरी व्हॅन घेऊन निघायची. शहराच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सात ठिकाणी थांबायचं, मीटर पाण्यात सोडायचं, बाटल्या भरायच्या, प्रत्येक बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ आणि सही. पाण्याचे नमुने आणणारी म्हणून तिचं नाव नमुनेबाई पडलं आणि तिच्या खऱ्या नावाची पालिकेत कुणाला आठवणही राहिली नाही. व्हॅनचे चालक वयानं मोठे, त्यांना सगळे काका म्हणत. ते प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन ओरडायचे, "चला बाई, एक नमुना गाडीत बसलाय, दुसरा येऊ दे!"

अभ्यासाची दोन वर्षं संपत आली होती. पुढच्या तीन वर्षांसाठी पैसे द्यायचे की नाहीत, हे शुक्रवारच्या सर्वसाधारण सभेत ठरणार होतं. सभेपुढे निष्कर्ष तिनंच मांडायचे होते. त्या तयारीसाठी मुख्य अभियंत्यांनी तिला मंगळवारी दिवसभर आपल्या कार्यालयात बसवून घेतलं. तक्ते सुंदर झाले होते. सातही ठिकाणी पाणी बरं होतं, उलट गेल्या दीड वर्षात थोडं सुधारलंच होतं. साहेब खूश होते. "असे आकडे पाहिले की हात आपोआप वर होतात," ते म्हणाले.

म्हणून बुधवार. सकाळचे आठ वाजून गेले होते. पहिल्या ठिकाणी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन साडेसहा, दुसऱ्या ठिकाणी सहा पूर्णांक चार. नेहमीसारखंच. तिसऱ्या ठिकाणी तिनं मीटर सोडलं आणि आकडा खाली घसरत घसरत एक पूर्णांक सातवर येऊन थांबला. इतक्या ऑक्सिजनवर मासा जगत नाही.

"काका, यंत्र बिघडलंय."

काका काठावर उभे होते. त्यांनी रुमाल नाकाला लावला होता. "यंत्राला नाक नसतं बाई. मला आहे."

तिलाही वास आला होता. तरी तिनं मीटर पुसलं, पुन्हा जुळवलं, पुन्हा सोडलं. एक पूर्णांक सहा. पाण्याचा रंग भांडी विसळलेल्या पाण्यासारखा होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणामध्ये नदीकाठी एकच गोष्ट होती, आणि ती कोणती हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ते होतं पंपघर. सगळ्या शहराचं सांडपाणी तिथल्या मोठ्या टाकीत जमा व्हायचं आणि तीन पंप ते उचलून टेकडीवरच्या शुद्धीकरण केंद्रात पाठवायचे. एकोणतीस वर्षं तिचा सख्खा थोरला भाऊ तिथे काम करत होता. आता तो पंपघराचा प्रमुख चालक होता. निवृत्तीला त्याचं एक वर्ष राहिलं होतं.

ती काठाकाठानं वर चालत गेली. काका मागून बाटल्यांचा खोका घेऊन. पंपघराच्या मागे लव्हाळ्यात एक रुंद सिमेंटचा पाइप नदीत उघडत होता. तो आणीबाणीसाठी होता. मंगळवारी व्हॅनमधून जाताना तिला तो पाइप दिसायचा, आणि त्याचं तोंड नेहमी कोरडं असायचं. आज त्यातून राखाडी पाण्याचा लोट धडधडत नदीत पडत होता.

"काका, तुम्ही इथेच थांबा," ती म्हणाली.

पंपघरात तीन पंपांचा आवाज असायचा, इतका की खुणांनी बोलावं लागे. आज एकाच पंपाचा आवाज होता. उरलेल्या दोन पंपांची झाकणं काढलेली होती आणि सुटे भाग जुन्या गोणपाटावर ओळीनं मांडलेले होते. त्यांच्यावर धूळ बसली होती. दादा त्या पाइपचं गेट उघडायच्या चाकाजवळ उभा होता. तिला पाहून त्याचा हात चाकावरच राहिला.

"आज बुधवार आहे," तो म्हणाला.

एवढंच. ना 'कशी काय आलीस', ना 'बस'. नमुनेबाईला पुढचं काही विचारायची खरं तर गरज उरली नव्हती. तरी तिनं विचारलं.

"म्हणजे काय, दादा?"

"चहा घेतेस?"

"म्हणजे काय?"

त्यानं चिंधीनं हात पुसले. एकेक बोट सावकाश. "तीन नंबर बंद पडून दीड वर्ष झालं. एक नंबर त्याच्याच पाठोपाठ गेला. एकट्या दोन नंबरला सगळं शहर झेपत नाही, धाकटे. सकाळी लोक उठले की टाकी भरते. गेट उघडलं नाही तर मैला उलटा जातो. बाजारपेठेत रस्त्यावर येतो, तळमजल्यांच्या मोऱ्यांतून घरात येतो. पहिल्या महिन्यात आला होता. एका बाळंतिणीच्या खोलीत घोट्याएवढं पाणी होतं. मी स्वतः उपसलं."

"आणि मंगळवारी?"

"सोमवारी संध्याकाळीच गेट उघडून टाकी तळापर्यंत रिकामी करतो. मग मंगळवारी पहाटे बंद केलं तर दुपारपर्यंत निभावतं."

"मी यायच्या आधी."

"साहेबांनी सांगितलं होतं. तोंडी."

"आणि तू ऐकलंस."

"मी पंप मागितला. पंप मिळाला नाही, हे मिळालं." त्याचा आवाज चढला, मग लगेच उतरला. "तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? हेच, जे आत्ता तुझ्या तोंडावर दिसतंय."

दादा तिच्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिच्या शिक्षणासाठी त्यानं याच पंपघरात वर्षानुवर्षं दुहेरी पाळ्या केल्या होत्या. ती अजूनही त्याच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहत होती. सोमवारी जेवताना तोच विचारायचा, "उद्या नऊलाच ना?" आणि ती हो म्हणायची. तिला वाटायचं, दादाला आपल्या कामाचं कौतुक आहे.

ती बाहेर आली.

व्हॅनमध्ये बसल्यावर तिला शिंपीणबाई आठवली. खालच्या वस्तीत नदीला लागून एक विहीर होती, साडेतीनशे घरांची. शिंपीणबाई तिथेच कपडे शिवायची आणि त्याच वस्तीतून नगरसेविका म्हणून निवडून आली होती. दर दोन-तीन महिन्यांनी ती सभेत उठून म्हणायची, आमच्याकडे पोरांची पोटं बिघडतात, पाणी तपासा. आणि दर वेळी तिच्यापुढे नमुनेबाईचे आकडे ठेवले जायचे. एकदा ती स्वतः प्रयोगशाळेत आली होती, पायऱ्या चढून दमलेली, हातात प्लास्टिकच्या बाटलीत पाणी. नमुनेबाईनं ती बाटली घेतलीसुद्धा नव्हती. "असा आणलेला नमुना चालत नाही हो," ती म्हणाली होती. "आणि तुमच्याकडचे आकडे चांगले आहेत. भांडी स्वच्छ ठेवायला सांगा लोकांना."

"काका, खालच्या वस्तीच्या विहिरीवर घ्या."

"ती आपल्या सातात नाही."

"माहीत आहे. घ्या."

दुपारपर्यंत अमोनियाचे आकडे आले. तिसऱ्या ठिकाणी भयंकर, विहिरीतही असायला नको तेवढा. जंतूंसाठी तिनं काचेच्या बशा तयार करून इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. त्यांना चोवीस तास लागणार होते. तेवढा वेळ तिनं कुणाशी काही बोलायचं नाही असं ठरवलं.

पण संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास वहिनी वर आली. दारातच उभी राहिली, पदराला हात पुसत.

"खाली जेवायला येणार नाही म्हणे तुम्ही."

"भूक नाही वहिनी."

"त्यांनाही नाही. मी काय भिंतींना वाढू?" ती आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकली. "त्यांनी सांगितलं मला सगळं. वन्सं, पंपाचं मला ठाऊक होतं. नऊ पत्रं लिहिली त्यांनी साहेबांना. प्रत्येक माझ्याकडून तपासून घेतलं, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं म्हणून. पहिल्यात 'तातडीने' लिहिलं होतं. नवव्यात 'निदान उत्तर तरी द्यावे' लिहिलं. पण तुमच्या मंगळवारचं मला नव्हतं माहीत. देवाशप्पथ."

"पत्रांवर आवक शिक्का घेतला होता त्यानं?"

"स्वतः नेऊन द्यायचे. शिक्क्याचं मला काय कळतं." वहिनी खाली बघत म्हणाली, "तुम्हाला जे बोलायचं ते बोला सभेत. मी अडवणार नाही. फक्त त्यांचं नाव घेऊ नका. एवढं कराल?"

वहिनी उठली, जाताना दार हलकेच लावून घेतलं. ते जोरात आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं नमुनेबाईला वाटलं.

गुरुवारी दुपारी तिनं इन्क्युबेटर उघडला. वरच्या दोन ठिकाणांच्या बशांत मोजून आठ-दहा ठिपके. तिसऱ्या ठिकाणची बशी मोजण्यापलीकडची, ठिपक्यावर ठिपका. विहिरीच्या बशीत सत्तेचाळीस. पिण्याच्या पाण्यात शून्य हवेत. तिनं दोनदा मोजले, सही केली आणि कागद घेऊन सरळ मुख्य अभियंत्यांच्या खोलीत गेली.

साहेबांनी कागद शेवटपर्यंत वाचला. ते चिडले नाहीत. चष्मा काढून डोळे चोळले.

"दार लावा," ते म्हणाले. "आणि बसा. पंपांसाठी मी तीनदा तरतूद मागितली. तीनदा कापली. जमिनीखालच्या गोष्टीवर पैसे घालायला कुणाचा हात वर होत नाही. तुमच्या अभ्यासाला मिळाले, कारण त्याचे फोटो छापून येतात. आता ऐका. उद्या मंगळवारचेच आकडे मांडा. तीन वर्षांची मंजुरी पदरात पाडून घ्या. पुढच्या महिन्यापासून तुम्ही वार बदला. आकडे हळूहळू वाईट येऊ देत. मग तेच दाखवून मी पंप मागतो. अभ्यासही जगतो, पंपही येतात, कुणाच्या केसालाही धक्का नाही."

तिला ते पटत होतं, भीती वाटावी इतकं पटत होतं.

"आणि विहीर?"

"विहिरीचं काय?"

"आज टँकर पाठवा खालच्या वस्तीला. आजच. विहीर बंद करा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आदेशावर कारण लिहावं लागतं, बाई. काय लिहू?"

"खरं ते लिहा."

"शुक्रवारनंतर बघू."

"हळूहळू म्हणजे किती दिवस, साहेब? तोवर पोरं काय पिणार?"

"तुम्ही उद्या उभं राहून म्हणालात की दीड वर्षाचे आकडे खोटे आहेत, तर पुढच्या तीन वर्षांचे पैसे कोण देईल तुम्हाला? मीच देणार नाही." मग ते आवाज न वाढवता म्हणाले, "आणि गेट कुणाच्या हातानं बंद व्हायचं, हे पहिल्यांदा विचारलं जाईल. भावाच्या निवृत्तीवेतनाचा विचार करा. माझा कुठेही कागद नाही."

ती उठली. जिना उतरून ती बाहेर आली. खाली काका व्हॅन पुसत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता दार उघडलं.

शिंपीणबाईचं दुकान म्हणजे तिच्या घराचीच पुढची खोली. शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश. नमुनेबाई उंबऱ्यातच म्हणाली, "विहिरीचं पाणी वापरू नका. पिऊ नका, स्वयंपाकालाही नको. आत्तापासून. सगळ्यांना सांगा."

यंत्र चालूच राहिलं. शिवण संपली तेव्हा शिंपीणबाईनं दातांनी दोरा तोडला.

"गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात, भांडी स्वच्छ ठेवा."

"चुकलं माझं."

"माझ्या नातीला सलाइन लावलं होतं तेव्हा. चार दिवस." तिनं मान वर केली. डोळे कोरडे होते. "मी सभेत बोलायला उठले की हसतात सगळे. आल्या पोटदुखीबाई, म्हणतात. तुमचे कागद दाखवतात मला. आता हे तुम्ही माझ्या दारात येऊन सांगताय, चोरासारखं. उद्या तिथे सांगाल?"

"सांगेन."

"सगळं?"

नमुनेबाईला खुर्चीच्या कडेवर टेकलेली वहिनी डोळ्यांपुढे दिसली. "सगळं," ती म्हणाली.

त्या रात्री ती खाली जेवायला गेली नाही. शुक्रवारी सकाळी दादा नेहमीच्या वेळी कामावर निघून गेला. जिन्यात समोरासमोर आले तेव्हा त्यानं भिंतीकडे सरकून तिला वाट दिली, परक्या बाईला द्यावी तशी.

नदीच्या अभ्यासाचा विषय सभेत अकरावा होता. आधीचे दहा विषय तिनं मागच्या बाकावर बसून ऐकले, पण एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. तिचं नाव पुकारलं गेलं. पडद्यावर तिचेच सुंदर तक्ते आले. व्यासपीठावर सभापती, त्यांच्या डावीकडे नगरसचिव, उजवीकडे मुख्य अभियंता. साहेबांनी तिच्याकडे पाहून अगदी किंचित मान हलवली.

"हे तक्ते बघू नका," ती म्हणाली. "यातले गेल्या दीड वर्षाचे आकडे खरे नाहीत."

कुणीतरी हसलं. मग हसू थांबलं.

तिनं सांगितलं. दर मंगळवारी नऊला मी जात होते. जिथे पाणी तपासायचं तिथे सांगून जायचं नसतं, हे मला शिकवलं होतं, तरी मी गेले, कारण सोयीचं होतं. ती चूक माझी. पंपघराचे दोन पंप बंद आहेत. मैला रोज सरळ नदीत जातो. फक्त मी यायच्या वेळी गेट बंद असतं. बुधवारी मी गेले तेव्हा उघडं होतं. खालच्या वस्तीच्या विहिरीत जंतू सापडले आहेत. हा कागद. ती सगळं एका दमात बोलली आणि कागद सभापतींच्या टेबलावर ठेवून आली.

सभागृहात एकच गलका झाला. "म्हणजे दोन वर्षं आमचे पैसे पाण्यात गेले!" एक सदस्य ओरडला, आणि दुसरा म्हणाला, "शब्दशः!" सभापतींनी टेबलावर हात आपटला.

"गेट कोण बंद करायचं?" त्यांनी विचारलं.

हाच तो प्रश्न. तिनं समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं.

"पंपघराचे प्रमुख चालक. माझा सख्खा भाऊ."

आता कुणी हसलं नाही.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"मुख्य अभियंत्यांच्या, असं त्यानं मला सांगितलं. तोंडी."

साहेब उठले. "मला यातलं काहीही माहीत नाही. कर्मचाऱ्यानं परस्पर उद्योग केला असेल तर कठोर कारवाई होईल. पंप बंद असल्याचं मला कुणी लेखी कळवलेलं नाही."

"नऊ पत्रं दिली आहेत," नमुनेबाई म्हणाली. "आवक नोंदवही मागवा."

सभापतींनी नगरसचिवांकडे पाहिलं. एक लिपिक खाली पिटाळला गेला. तो परत येईपर्यंत किती वेळ गेला कोण जाणे. सदस्य आपापसात कुजबुजत होते, पंखा फिरत होता, साहेब समोरच्या कागदाची घडी घालून उलगडत होते. पत्रं दादानं खरंच आवक टेबलावर दिली असतील, की सरळ साहेबांच्या शिपायाच्या हातात? ते तिनं त्याला विचारलंच नव्हतं. नसतील तर तिनं आपल्या हातांनी भावाला बुडवलं होतं.

लिपिक धापा टाकत आला. नगरसचिवांनी वहीची पानं उलटली, चष्म्याखालून बोट फिरवलं.

"सात सापडतात," ते म्हणाले. "सातही मुख्य अभियंत्यांकडे पाठवलेली. पोच म्हणून त्यांची सही आहे."

साहेब खाली बसले.

"पंपघराला फोन लावा," सभापती म्हणाले. "सगळ्यांना ऐकू येईल असा."

घंटी बराच वेळ वाजली. मग एका पंपाची घरघर सभागृहभर पसरली आणि त्यातून दादाचा आवाज आला. "पंपघर."

सभापतींनी आपण कोण, कुठून बोलतोय ते सांगितलं आणि प्रश्न विचारला. फक्त घरघर ऐकू येत राहिली.

"हो," दादा म्हणाला. "मंगळवारी बंद करत होतो. साहेबांनी सांगितलं होतं. कागद नाही माझ्याकडे. वहीत मी रोज 'गेट बंद' असंच लिहिलंय, तेही खोटं आहे. जी शिक्षा द्यायची ती द्या." मग जरा थांबून, "पण आत्ता गेट उघडं आहे, साहेब. टाकी भरत आलीय. बंद करू म्हणताय का? केलं तर अर्ध्या तासात बाजारपेठेत वर येईल. उघडं ठेवलं तर नदीत जाईल. दीड वर्ष हे रोज मी एकटा ठरवतोय. आज तुम्ही सगळे बसलेले आहात. तुम्ही सांगा."

सभापतींनी साहेबांकडे पाहिलं. साहेब टेबलाकडे बघत होते. बाजारपेठेचा सदस्य पटकन म्हणाला, "उघडंच ठेवा!" आणि आपण काय बोललो हे कळून शिंपीणबाईकडे बघायचं टाळू लागला. फोनमधून पंप घरघरत होता.

शिंपीणबाई उठली.

"उघडं ठेवा," ती म्हणाली. "बाळंतिणीच्या खोलीत मैला शिरलेला मला नको. पण आत्ता, या मिनिटाला, टँकर निघाले पाहिजेत आमच्याकडे. आणि संध्याकाळपर्यंत भाड्याचा पंप त्या टाकीत उतरला पाहिजे. कुठून आणायचा ते तुम्ही बघा. तो उतरेपर्यंत मी या खुर्चीवरून हलणार नाही, आणि तुम्हीही हलायचं नाही."

ऐकलंत ना, असं सभापतींनी फोनमध्ये विचारलं. "ऐकलं," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

टँकर तासाभरात निघाले. भाड्याचा पंप शेजारच्या शहरातून यायला संध्याकाळचे सात वाजले. तोवर सभा चालूच होती. अभ्यासाचा ठराव शेवटी आला, आणि साहेब म्हणाले होते तसं झालं नाही. पैसे मंजूर झाले, पण तीन वर्षांचे नाही, एका वर्षाचे. काम बाहेरच्या संस्थेकडे. नमुने कधी घ्यायचे ते पालिकेला आधी कळवायचं नाही. आकडे दर आठवड्याला प्रत्येक वस्तीत फलकावर लावायचे. आणि ज्या कर्मचाऱ्याचे जवळचे नातेवाईक यात गुंतलेले आहेत त्याला अभ्यासातून वगळायचं. या शेवटच्या ओळीला शिंपीणबाईनंही हात वर केला. नमुनेबाईला वाईट वाटलं, पण अन्याय झाला असं काही वाटलं नाही.

दादा निलंबित झाला. मुख्य अभियंत्यांना चौकशी होईपर्यंत रजेवर पाठवलं. घरात दहा-बारा दिवस भांड्यांचेच काय ते आवाज. वहिनी ताट वर पाठवायची, शेजारणीच्या मुलीच्या हाती. एकदा नमुनेबाईनं ताट परत द्यायला खाली जाऊन "वहिनी" अशी हाक मारली, तर वहिनी म्हणाली, "मी तुमच्यावर रागावलेली नाही. मला फक्त थोडे दिवस तुमचं तोंड बघवत नाही." हे इतकं सरळ होतं की नमुनेबाईनं मान डोलावली आणि वर निघून आली.

बाहेरच्या संस्थेतल्या संशोधिकेनं जुन्या नोंदी मागितल्या. नमुनेबाई रविवारी सकाळी टेबलावर त्या पसरून बसली होती. दीड वर्षाचे मंगळवार, बहात्तर पानं. प्रत्येकावर लाल पेनानं 'ग्राह्य नाही' लिहायचं होतं. पाचव्या पानावर होती तेव्हा जिन्यात पावलं वाजली. दादा होता. दाढी वाढलेली. तो न विचारता समोर बसला आणि तिनं लिहिलेलं उलट्या बाजूनं वाचू लागला.

"सगळी फेकून देणार?"

"वापरता येत नाहीत. गेट कधी उघडं होतं, कधी बंद, याची नोंद कुठे आहे?"

"वहीत नाही." त्यानं आपल्या कपाळावर बोट ठेवलं. "इथे आहे. रोज चाक मीच फिरवत होतो."

तिनं पेन खाली ठेवलं. त्याचा आवाज थोडा घोगरा होता, बरेच दिवस कुणाशी न बोललेल्या माणसाचा असतो तसा.

"फोनवर माझा आवाज कापत होता का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"कापत होता. पंपामुळे कळलं नसेल." त्यानं पहिलं पान ओढून घेतलं. "हा मंगळवार. आदल्या दिवशी वीज गेली होती, म्हणून संध्याकाळी सहाऐवजी आठला उघडलं. पहाटे पाचला बंद. त्या संशोधिकेला उपयोग होईल का याचा?"

"होईल. खूप होईल." आता कापरा आवाज तिचा होता. "पण तुझ्या चौकशीत हे तुझ्याच विरुद्ध जाईल. प्रत्येक तारीख."

"माहीत आहे. लिही."

ती लिहू लागली. तो सांगत गेला. कधी डोळे मिटून, कधी बोटांवर दिवस मोजत. खालून वहिनीनं जेवायला हाक मारली. पहिल्यांदा एकाला आणि मग, जरा थांबून, दोघांना. कुणी उठलं नाही. एकविसाव्या पानावर दादा अडला. खिडकीबाहेर बघत बराच वेळ आठवत राहिला.

"हा नाही आठवत," तो म्हणाला. "उघडं असेल. पण नाही आठवत."

"मग तसंच लिहिते," नमुनेबाई म्हणाली, आणि तारखेपुढे तिनं लिहिलं, 'माहीत नाही'.